एका खुर्चीपुरता पडदा

"दिवा कलंडलाय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मान आधी एका बाजूला कलती करून पाहिली, मग दुसऱ्या. "तेल सांडेल अशानं."

ते दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, आणि आमच्या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचे, अध्यक्ष. दुसऱ्याच्या तोंडात डोकावून कीड शोधायची सवय अजून गेलेली नव्हती. कुठलीही चांगली गोष्ट समोर आली की ते आधी तिच्यातलं भोक शोधत. त्या दिवशी मी त्यांना नव्या पडद्याचं पूर्ण मापाचं कागदी चित्र दाखवायला आणलं होतं. आमच्या धर्मग्रंथाच्या, तोराच्या, गुंडाळ्या ज्यात उभ्या ठेवतात त्या भिंतीतल्या पवित्र कपाटासमोर, जुना पडदा बाजूला सारून, मी तो कागद टाचला होता. त्यावर सात फांद्यांचा दिवा होता. पुरुषांच्या बाकांवरून पाहिलं तर तो खरोखरच कलंडलेला दिसत होता. डावीकडच्या फांद्या आखूड, उजवीकडच्या ताणून लांब केलेल्या, बुंधा खाली पसरलेला, आणि सगळा दिवा वारा सुटल्यासारखा एका अंगाला गेलेला.

"वर चला," मी म्हटलं.

"माझे गुडघे बघितलेस का?"

"एकदाच. सावकाश."

बायकांची बसायची जागा वर, सज्ज्यात. जिना अरुंद आहे आणि डॉक्टर प्रत्येक पायरीला काहीतरी बोलत होते. मी त्यांना पुढच्या रांगेत, लाकडी जाळीला लागून असलेल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि थोडं खाली सरकायला सांगितलं, कारण आई त्यांच्यापेक्षा बरीच ठेंगणी होती. ते सरकले. मग त्यांनी समोर पाहिलं.

तिथून दिवा सरळ उभा होता. सातही फांद्या सारख्या, बुंधा मधोमध.

"हं," डॉक्टर म्हणाले. "हे कसं काय?"

"ही आईची जागा."

"म्हणजे खाली बसणाऱ्या आम्ही सगळ्यांनी वाकडा दिवा बघायचा. जन्मभर. एका बाईसाठी, जी..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

"हो," मी म्हटलं.

ते बराच वेळ जाळीतून बघत राहिले. शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "समितीला मी सांगतो की ही कला आहे. कला म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही."

आमच्याकडे आईबाप गेल्यावर वर्षभर त्यांच्यासाठी जी प्रार्थना म्हणतात ती मुलाने म्हणायची असते. आईला मुलगा नव्हता. होता, पण तो सहा वर्षांचा असताना गेला. घरात त्याला ढब्बू म्हणत, कारण तो काडीसारखा होता. म्हणून आईसाठीची प्रार्थना एका लांबच्या नातेवाइकाने म्हटली, ज्याला आई हयातभर 'तो बडबड्या' म्हणायची. त्याने मनापासून म्हटली असेल. माझा देवावर विश्वास नाही, त्यामुळे ती मला म्हणू द्या असा हट्ट मी धरला नाही. ज्याच्यावर आपला विश्वास नाही त्याच्याशी बोलायचा हक्क मागणं मला बरं दिसेना. पण काही आठवडे गेले तसं वाटू लागलं की तिच्या बाजूने कुणीतरी त्या घरात काहीतरी ठेवायला हवं. आणि मला पडदे करता येतात.

मी नाटकांचे पडदे करते. आमच्या कारखान्यात मखमल ताग्यांनी येते आणि आम्ही ती रंगमंचाच्या मापाने कापतो, जोडतो, रंगवतो. या धंद्यात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की पडदा भिंतीवर नसतो, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत असतो. कुठल्या खुर्चीवरून काय दिसतं हे आधी बघायचं, मग कात्री हातात घ्यायची.

म्हणून मी चित्र काढण्याआधी सज्ज्यात गेले. लहानपणी आईच्या मांडीला टेकून मी त्याच कोपऱ्यात बसायचे. ती जाळीच्या भोकातून बोट घालून मला खालचं दाखवायची: तो दिवा जो कधी विझत नाही, तो पडदा, आता तो सरकेल बघ. पडदा सरकला की तिचा श्वास थांबल्यासारखा व्हायचा. मला ते फार आवडायचं. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटते हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

ढब्बू गेल्यावर मला दुसऱ्या गावी आत्याकडे शिकायला ठेवलं. मी आठ वर्षांची होते. घरातलं दुःख मुलीला सोसणार नाही म्हणून, असं मला सांगितलं गेलं, आणि ते मला पटलंही. बाबा त्यानंतर फार टिकले नाहीत. आई अधूनमधून भेटायला यायची. आत्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसायची, जशी कुणाला तरी खाली उभं करून आली आहे. जवळ घ्यायची ती आतल्या खोलीत, दार लावून. मला बक्षीस मिळालं की म्हणायची, "बरं. हळू बोल." पुढे नोकरी लागली तेव्हा मी फोनवर सांगितलं, तर तिकडून तेच: "छान झालं. कुणाला सांगत सुटू नकोस." आत्या वैतागायची. "तुझ्या आईला आनंद झाला की अंगावर पुरळ उठतं का गं?" मी हसायचे. हसण्यावारी नेल्यानं काही गोष्टी खरंच हलक्या होतात.

मी परत आले ती आईच्या शेवटच्या आजारात. तोवर तिला जिना चढवत नव्हता. पण त्याआधीची सगळी वर्षं तिने शनिवारची शब्बाथची प्रार्थना एकदाही चुकवली नव्हती, हे मला सगळ्यांनी सांगितलं. ताप असो, पाय सुजलेले असोत, ती जायची. मी पुस्तकं खूप वाचली आहेत, श्रद्धेवरचीही, आणि श्रद्धा म्हणजे काय याबद्दल चारचौघांत बरं बोलू शकते. पण मनातून मला आईचा हेवा वाटायचा. मला वाटायचं, तिच्याकडे एक शेगडी आहे, जिच्याजवळ ती दर आठवड्याला जाऊन बसते. माझ्या वाट्याला ऊब आली नाही याचं कारण मी तेवढंच समजत होते: सगळी तिकडे खर्च होत होती. निदान ती कुठे जात होती हे एकदा तिच्या जागेवरून बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

चित्र त्या जागेवरून सरळ दिसावं म्हणून मी आमची नेहमीची युक्ती केली. कारखान्यातला प्रोजेक्टर आणला, सज्ज्यातल्या त्या खुर्चीवर उशा रचून आईच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवला, आणि दिव्याचं साधं, सरळ रेखाटन तिथून खाली कपाटासमोर ताणलेल्या कागदावर टाकलं. तिरप्या उजेडाने दिवा जसा फाकला तसा मी कोळशाने गिरवून घेतला. म्हणजे प्रकाश उलटा चालवला. जी वाट तिच्या डोळ्यांकडे यायची त्याच वाटेने चित्र परत पाठवलं.

प्रोजेक्टर मुकादमाने उचलून वर नेऊन दिला होता. कारखान्यात सगळे त्याला मुकादमच म्हणतात; त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल का, अशी आमची थट्टा. तो धापा टाकत खुर्चीकडे बघत म्हणाला, "एका खुर्चीपुरता पडदा? आणि बाकीची माणसं काय फुकट घुसलीत?"

"बाकीच्यांना सवय होईल."

"नाटकवाल्यांना हे सुचवू नकोस हं. उद्या प्रत्येक नटाची सासू म्हणेल, माझ्या खुर्चीवरून सरळ दिसलं पाहिजे."

पडदा तयार व्हायला पुढचे सगळे महिने गेले. मखमल गडद निळी घेतली. मखमलीला लव असते, हात फिरवला की एका दिशेला ती बसते आणि दुसऱ्या दिशेला उठते. लव वर जाईल अशी कापली तर रंग खोल दिसतो. तशी कापली. दिव्यासाठी सोनेरी जर वापरली नाही. राखाडी, मातकट, मग हळूहळू पिवळसर अशा कापडाच्या बारीक पट्ट्या घेतल्या आणि एकावर एक बसवून शिवल्या, सगळ्या हाताने. आईच्या आजाराबद्दल विचार करायचा नसेल तेव्हा मी फांद्या करायचे. विचार टाळता आला नाही की बुंधा.

आणि सगळ्यात खाली, प्रथेप्रमाणे, नावं. पडदा कुणाच्या आठवणीत आहे आणि कुणी दिला, हे पडद्यावर लिहितात. मी आईचं नाव भरलं आणि त्याखाली माझं, आमच्याकडे लिहितात तसं: अमुक, तमुकची मुलगी. माझं नाव आणि आईचं नाव एका ओळीत, एकाच दोऱ्याने. मला मान्य आहे की ती ओळ शिवताना मला बरं वाटलं. वर्षभरात तेवढंच.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पडदा चढवायचा ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी तो सिनेगॉगमध्ये नेला, अस्तराची लांबी तपासायला. डॉक्टरांनी दारातच बजावलं, "दांडीवर चढवू नकोस. एकदा तिथे लागला की ते कापड राहत नाही. मग त्याला कात्री नाही, सुई नाही, काही नाही. फाटला तर माणसासारखा पुरायचा. तोवर काय हवं ते कर."

म्हणून मी तो वर सज्ज्यात नेला आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर पसरला. टाके बघत होते तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. मावशी आली होती. सख्खी नव्हे, आईच्या शेजारी इतकी वर्षं बसलेली, म्हणून मावशी. एका कानाने ठार बहिरी, त्यामुळे सगळ्या जगाला ऐकू येत नाही असं समजून बोलायची.

"त्या दातपाड्यानं सांगितलं तू आलीस म्हणून," ती म्हणाली. "बघू दे. अगं बाई. हे तू केलंस? एकटीनं? तुझ्या आईला बटण लावता येत नव्हतं."

"माहीत आहे. आत्या लावायची."

तिने पडद्यावरून हात फिरवला, लवेच्या दिशेने, जसं मांजर कुरवाळतात. मग खालच्या ओळीशी आली. चष्मा कपाळावर ढकलला आणि अक्षरांवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागली. आईच्या नावाशी मान हलवली. पुढच्या ओळीवर गेली, माझ्या नावापाशी पोचली, आणि तिने बोट उचललं.

"हे काढ."

"काय काढू?"

"तुझं नाव. तिचं राहू दे हवं तर. तुझं काढ."

मला वाटलं, काही चुकलंय. मी ओळ पुन्हा वाचली. "मावशी, देणाऱ्याचं नाव घालायची प्रथा आहे."

"प्रथा मला नको शिकवूस. काढ म्हणते ना."

"पण का?"

ती इकडे तिकडे बघू लागली, टेकायला जागा शोधत. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पडद्याचं टोक उचललं. "इथे बस. आईच्या जागेवर."

"आईच्या? ती इथे कुठे बसायची."

"इथेच. मी तिच्याजवळ बसायचे."

"तू होतीस तेव्हा," मावशी म्हणाली. "तू गेल्यावर एक दिवस नाही बसली. ती तिकडे बसायची." तिने काठीने मागे दाखवलं.

मागच्या रांगेत, छताला आधार देणारा जाडजूड खांब आहे. त्याच्यामागे दोन खुर्च्या आहेत, ज्या कुणीतरी मापात चूक करून बसवल्या असाव्यात, कारण तिथून समोरचं काहीही दिसत नाही.

"का?"

मावशी खाली बसली. काठी दोन्ही गुडघ्यांत धरली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"ढब्बूचं शेवटचं चाललेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकलेले. पूर्वी बायका काय करायच्या माहीत आहे का, घरात असं कुणी मरायला टेकलं की धावत यायच्या, आत पुरुषांत घुसायच्या, कपाट उघडायच्या आणि तिथं उभं राहून मागायच्या. कुणी अडवायचं नाही. तुझी आईही आली. मी बरोबर होते, मी दाराशी थांबले. आत कुणी नव्हतं. तिनं पडदा ओढला, दारं उघडली, आणि डोकं आत घातलं. गुंडाळ्यांच्या मध्ये. मला वाटलं, रडेल. रडली नाही गं. भांडत होती. बाजारात भांडावं तशी. आधी म्हणाली, मला घे."

"मग?"

"मग काय. बस एवढंच."

"मावशी."

ती खाली पसरलेल्या मखमलीकडे बघत राहिली. "मग म्हणाली, मी चालत नसेन तर मुलगी घे. पण हा राहू दे."

खाली डॉक्टर कुणाशी तरी खुर्च्या किती लागतील यावर वाद घालत होते. मी ते सगळं नीट ऐकलं.

"नाव घेऊन म्हणाली?" मी विचारलं.

"नाव घेऊन. आजाऱ्यासाठी मागताना कसं म्हणतात, अमुक, तमुकची मुलगी, आईच्या नावानं. तसं. घोटाळा व्हायला नको म्हणून." तिने काठीच्या टोकाने पडद्यावरची ओळ दाखवली, न टेकवता. "हेच. हेच शब्द."

मी त्या ओळीवर तळहात ठेवला.

"सकाळी पोरगा गेला," मावशी म्हणाली. "म्हणजे देवानं तिचं ऐकलंच नाही, झालं, संपलं. मी तिला हजारदा सांगितलं. पण तिच्या डोक्यात बसलं की ऐकलंय, फक्त उशिरा ऐकलंय. आज ना उद्या त्याच्या लक्षात येईल की ही मुलगी आपल्याला देऊ केली होती. तुला आत्याकडे उगाच नाही पाठवली. पंधरा दिवसांत पाठवली. नजरेआड."

"मग ती दर आठवड्याला इथे का यायची?"

"न येऊन कसं चालेल? गैरहजर राहिलं की चौकशी होते. यायचं, हजेरी लावायची, आणि खांबामागे बसायचं. मला पण तिथेच बसवलं, एकटीची भीती वाटते म्हणून. इतकी वर्षं मी भिंत बघतेय तिच्यापायी." ती जराशी हसली, आणि हसू तिच्या चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "तुझं काही चांगलं झालं की इथं मला कानात सांगायची. बहिऱ्या कानात. म्हणायची, एवढ्यात कुणाला कळू देऊ नकोस."

"मला कधी सांगणार होती?"

"तू म्हातारी झालीस की. म्हणायची, ती म्हातारी झाली की मग भीती नाही, मग सांगेन."

मावशी गेल्यावर मी खांबामागे जाऊन बसले. समोर गिलावा होता, चुन्याचा, बऱ्याचदा रंगवलेला, आणि खांद्याच्या उंचीला तेलकट डाग. आणखी काही नव्हतं. मी बराच वेळ तिथे बसून रागावायचा प्रयत्न केला. आठ वर्षांच्या मुलीच्या बाजूने कुणीतरी रागवायला हवं होतं आणि दुसरं कुणी उरलं नव्हतं. पण राग येईना. मुलगा मरत असताना बाईने जे हाताशी होतं ते पुढे केलं. आधी स्वतःला केलं. मला फक्त आत्याच्या घरातली ती आतली खोली दिसत राहिली, लावलेलं दार, आणि घाईघाईने, जोरात, बरगड्या दुखतील असा धरलेला हात. मी ते तिच्याकडे माया कमी असल्याचं लक्षण समजत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा कारखान्यात नेला आणि खिडकीजवळच्या मेजावर उलटा टाकला. अस्तर सोडवलं. माझ्या नावाचे टाके मी घट्ट घातले होते, निघत नव्हते. मुकादम चहाचा कप घेऊन आला आणि मागे उभा राहिला.

"उसवतेस?"

"हो."

"चुकलं होतं काही?"

"नाही."

त्याने कप ठेवला. "कुणी बोललं का? त्या दातवाल्यानं? सांग, मी येतो."

"कुणी नाही बोललं."

तो थोडा घुटमळला. "दिवा पण सरळ करायचाय का? आपण दोघं लागलो तर होईल. पट्ट्या सोडवून नव्यानं बसवू, खालून सगळ्यांना बरा दिसेल असा."

मी विचार केला. ज्या खुर्चीसाठी दिवा वाकवला होता तिथे कुणी बसत नव्हतं. आणि जिथे ती बसत होती, तिथून दिसेल असं चित्र काढायची युक्ती आमच्या धंद्यात नाही.

"राहू दे," मी म्हटलं.

माझं नाव निघालं तेव्हा 'मुलगी' आणि त्यामागे आईचं नाव उरलं. त्यावरून कुणालाही कळलं असतं की कुणाची मुलगी, आणि ती एकच होती. म्हणून तेही काढलं. मग वरच्या ओळीतलं आईचं नाव एकटं राहिलं. ते मी दुपारपर्यंत ठेवलं. जी बाई इतकी वर्षं त्या दाराच्या नजरेला पडू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसली, तिचं नाव मी त्याच दारावर ठळक अक्षरांत टांगणार होते. तेही उसवलं. मखमलीवर सुईची भोकं राहिली आणि लव दबलेली. मुकादमाने काही न विचारता वाफेची इस्त्री आणली, आणि आम्ही दोघांनी वाफ देत देत, ब्रशने लव उभी केली. बोटांना अजून कळत होतं. डोळ्यांना नाही.

"आता हा कुणाचा म्हणायचा?" त्याने विचारलं.

"कुणाचाच नाही."

"मग छान," तो म्हणाला, आणि लगेच त्याला ते शब्द खटकले असावेत, कारण तो थंड झालेला चहा घेऊन निघून गेला.

वर्षश्राद्धाच्या सकाळी डॉक्टर शिडीजवळ उभे राहून पडदा उलगडून बघत होते. खालचा काठ त्यांनी दोनदा तपासला.

"नावं कुठे आहेत?"

"काढली."

"काढली म्हणजे? माणसं विचारतील हा कुणाच्या आठवणीत. तुझ्या आईचं काहीतरी राहायला नको इथे? त्यासाठीच तर चाललं होतं हे सगळं."

"हो. त्यासाठीच चाललं होतं."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पेशंटकडे बघावं तसे, कुठे दुखतंय ते शोधत. "हे बघ," ते मऊ आवाजात म्हणाले, "अजून हे कापड आहे. आत्ता घरी नेलंस, पुन्हा नावं घालून आणलंस, तर मी समितीला सांभाळून घेईन. आठवडाभर थांबू. पण दांडीवर चढला की माझ्या हातात काही नाही, तुझ्याही नाही."

मी मखमलीच्या काठावर बोट फिरवलं. भोकं लागली, आधी माझी, मग तिची.

"चढवा," मी म्हटलं.

वर मावशीने मला पुढे बसायला सांगितलं. "कोपऱ्यात बस. तुझ्या हातचं काम आहे, बघ तरी नीट." मी नाही म्हटलं आणि तिच्याबरोबर मागे गेले. तिने आपली खुर्ची घेतली, मी शेजारची. खाली पुरुष जमत होते. खोकले, बाकांची करकर, कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं की हा दिवा असा का.

मी खूप वाचलं आहे, आणि त्यातलं काहीही त्या खुर्चीवर उपयोगाचं नव्हतं. ज्याच्यापासून आईने मला लपवलं, तो आहे असं मला तिथे क्षणभरही वाटलं नाही. आणि तो नसेल, तर तिने लावलेलं ते आतल्या खोलीचं दार, ते 'हळू बोल', आत्याचं घर, ही भिंत, हे सगळं कुणासाठी होतं? कुणी मागायला येणारच नव्हतं. ती मला पुढच्या रांगेत मांडीवर घेऊन बसू शकली असती, मी म्हातारी होईपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटलं की तो असायला हवा होता. निदान तिची भीती तरी खरी ठरली असती.

खालून हालचाल ऐकू आली. मावशीने कोपर मारलं. "ऊठ. उघडताहेत."

सगळ्या बायका उठल्या. मीही उठले. समोर चुना होता. मी आईपेक्षा रुंद आहे, आणि उभं राहिल्यावर माझा डावा खांदा खांबाच्या बाहेर येत होता. मी तो आत घेतला.